उकिरड्यातील अदृश्य सृष्टी

विष्णुपुरी हे नांदेडनजीकचे गोदाकाठचे गाव. काळेश्वराच्या मंदिराजवळ नदीचे पात्र विस्तीर्ण दिसते, कारण येथेच बंधारा घालून तिचे पाणी अडविलेले आहे. या जलाशयाला शंकरसागर असे नाव आहे. उपसा सिंचनाने हे पाणी शेतांना मिळते आणि नांदेडकरांची तहानही त्यावरच भागते. याच गावाच्या परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अभियांत्रिकीची संस्था उभी आहे. पाणी, विद्या आणि आरोग्य ही तिन्ही जेथे शेजारी नांदतात, तेथे एका साध्या प्रश्नाचा विचार अवश्य व्हावयास हवा. घरातून बाहेर गेलेल्या केराचे पुढे काय होते?

केर उंबरठ्याबाहेर टाकला की तो संपला, असे माणसाला वाटते. वास्तविक तेथूनच त्याच्या दुसऱ्या आयुष्याला आरंभ होतो. भाजीची देठे, उष्टे अन्न, मेलेली जनावरे, चिंध्या, औषधांच्या बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्या असे सर्व काही शहराबाहेरच्या एका ढिगावर येऊन पडते. दुरून पाहणाऱ्याला तो ढीग निर्जीव भासतो. परंतु त्यातील चिमूटभर माती सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवली, तर जे दृश्य दिसते ते एखाद्या गजबजलेल्या नगरीला लाजविणारे असते. त्या चिमटीत कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. ते इतके लहान असतात की एका मिलिमीटरच्या रेषेवर पाचशे ते हजार जिवाणू ओळीने मावतील.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहुक याला स्वतः भिंगे घासण्याचा छंद होता. त्या भिंगांतून त्याला पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव दिसले आणि १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून ती हकीकत कळविली. तथापि हे जीव रोगांस कारण होतात, हे सिद्ध व्हावयास आणखी दोनशे वर्षे जावी लागली. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हा १८८३ च्या अखेरीस कलकत्त्यात आला, तेव्हा पटकीचे जंतू त्याला रोग्यांच्या आतड्यांत तर आढळलेच, पण जेथे लोक पाणी भरीत व कपडे धूत अशा एका तलावातही सापडले. रोग पाण्यातून येतो, या मताला त्यामुळे बळकटी आली.

कचऱ्यातील जिवाणू ओळखण्याची रीत मोठी गमतीची आहे. अभ्यासक ढिगातील एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात कालवितो. त्यातील थोडे पाणी घेऊन ते दहापट पातळ करतो, मग पुन्हा दहापट, अशा रीतीने अनेक वेळा करतो. शेवटी एक थेंब पोषक द्रव्ये घातलेल्या अगारच्या थरावर पसरतो आणि ती बशी माणसाच्या शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश उष्णतेत ठेवतो. दुसऱ्या दिवशी थरावर पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एकाच जिवाणूपासून झालेली वसाहत. समुद्रातील वनस्पतींपासून मिळणारे हे अगार प्रयोगशाळेत आणण्याची कल्पना फॅनी हेस या गृहिणीची होती. तिचा पती कॉखच्या प्रयोगशाळेत काम करी. जिलेटिनचे थर उन्हाळ्यात वितळत, म्हणून तो त्रस्त झाला होता. स्वयंपाकात आपण वापरतो ते अगार वितळत नाही, हे तिने १८८१ साली त्याला सुचविले, आणि एका शास्त्राचा मार्ग मोकळा झाला.

या अदृश्य सृष्टीत सर्वच शत्रू आहेत असे मात्र नाही. किंबहुना बहुसंख्य जिवाणू माणसाचे उपकारकर्तेच होत. ते नसते तर गळालेले पान, मेलेले जनावर, सांडलेले अन्न हे सारे जसेच्या तसे पडून राहिले असते आणि पृथ्वीवर पाऊल ठेवावयास जागा उरली नसती. कुजणे म्हणजे नाश नव्हे, ते निसर्गाचे देणे निसर्गाला परत करणे होय. आपल्या खेड्यांतील उकिरडा हे जाणत होता. शेण, पालापाचोळा, राख त्यात साठे आणि पावसाळ्यापूर्वी ते खत होऊन शेतात जाई. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते' असे आपल्याकडे म्हणतात. खेड्यातील त्या उकिरड्याचे दैव तर दरवर्षी उघडत असे.

शहराच्या ढिगाची गोष्ट निराळी आहे. त्यात ओले व सुके, औषध व विष्ठा, काच व अन्न एकत्र मिसळते. उपकारक जिवाणूंच्या सोबतीला तेथे विषमज्वराचे, हगवणीचे व पटकीचे जंतू येऊ शकतात. जखमा चिघळविणारे जंतू येतात. धनुर्वाताचे जंतू तर मातीत बीजरूपाने वर्षानुवर्षे दडून राहतात. अन्न, ओल आणि ऊब मिळाली, तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. अशी वाढ अखंड चालली, तर एका जिवाणूपासून दहा तासांत शंभर कोटींहून अधिक जिवाणू होतील! अन्न संपत असल्याने प्रत्यक्षात तसे घडत नाही. पण शिळे अन्न एका रात्रीत का बिघडते, हे यावरून कळावे.

हे जंतू माणसापर्यंत अनेक वाटांनी पोहोचतात. पहिली वाट पाण्याची. पाऊस ढिगातून झिरपतो व काळपट, दुर्गंधीयुक्त पाणी होऊन खाली उतरतो. मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्या खालच्या काळ्या पाषाणातही फटी असतात. त्या फटींतून हे झिरपलेले पाणी विहिरीच्या झऱ्याला मिळू शकते, ओढ्यांतून नदीकडे जाऊ शकते. दुसरी वाट माशीची. ती ढिगावर बसते आणि तेच पाय घेऊन ताटावर येते. तिसरी वाट जखमेची. काचेने वा खिळ्याने झालेल्या खोल जखमेत हवा पोहोचत नाही आणि धनुर्वाताला नेमके तेच मानवते. चौथी वाट उंदराची. त्याच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या लहानशा खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ पसरली, ती याच वाटेने.

उंदराच्या वाटेने आलेल्या एका जुन्या शत्रूची मराठवाड्याला विशेष ओळख आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, प्रगटला आणि पुढे गावेच्या गावे ओस पडली. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याचा संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे हा रोग इतका मागे पडला की लोक त्याला विसरले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद हे जिल्हे हादरले. शेजारच्या बीड जिल्ह्यातही भयभीत लोकांनी घराबाहेर निवारा घेतला. बंद घरांत धान्य राहिले, त्यावर उंदीर वाढले, असे अनुमान पुढे करण्यात आले. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगचे रोगी आढळले. त्याच सप्टेंबरात सुरत शहरातही प्लेगची साथ उद्भवली. तापीचा पूर नुकताच ओसरला होता. रस्त्यांवर चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे पडून होती. पन्नासाहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. योगायोग असा की त्याच महिन्यात, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडच्या विद्यापीठाची स्थापना झाली.

परंतु सुरतेची कथा येथे संपत नाही. पुढच्याच वर्षी आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत त्या शहराने कंबर कसली. कचरा रोज उचलला जाऊ लागला, रस्ते रात्री झाडले जाऊ लागले, अधिकारी कचेरीतून उठून गल्लीबोळांत फिरू लागले. रोगाच्या भीतीने ओस पडलेले शहर अल्पावधीत देशातील स्वच्छ नगरांत गणले जाऊ लागले. कोणतेही नवे औषध सापडले नव्हते. सापडली होती ती केवळ शिस्त.

औषधांवरच विसंबून राहण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन गवसले. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनीच जगाला सावध केले की, अपुऱ्या मात्रेत हे औषध घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतील. कचऱ्यात फेकलेल्या उरल्यासुरल्या गोळ्यांमुळे नेमके हेच घडू शकते. तेथील जंतूंना औषधाची ओळख होते. जे टिकतात ते आपली ही विद्या शेजारच्या जंतूंनाही देऊ शकतात. मग साधी जखमही वैद्याला कोड्यात टाकते.

यावरचा उपाय कठीण नाही, पण तो रोज करावा लागतो. २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असा कचरा वेगळा करण्याचे कर्तव्य प्रत्येकाला लावून दिले. ओला कचरा योग्य रीतीने रचला, त्याला हवा व ओल दिली, तर उपकारक जिवाणूंच्या कामाने ढिगात ५५ ते ६५ अंश उष्णता निर्माण होते. या उष्णतेत रोगजंतूंपैकी बहुतेक मरून जातात आणि मागे उरते ते काळे, मातीचा सुगंध असलेले खत. जिवाणूंचा पराभव जिवाणूंकडूनच करविण्याची ही युक्ती आहे. धनुर्वाताची बीजे मात्र चिवट असतात. म्हणून खत हाताळताना हातमोजे घालावेत, प्रतिबंधक लस वेळेवर टोचून घ्यावी आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

आणखी एका गोष्टीचा विसर पडू नये. सरमिसळ झालेला हा कचरा कोणीतरी आपल्या हातांनी उपसतो. घरात कागदात न गुंडाळता टाकलेली फुटकी काच प्रथम त्याच हाताला लागते. झाकणाविना फेकलेली सुई त्याच बोटात रुतते. कचरा वेगळा करणे हे जसे आरोग्याचे काम आहे, तसे ते माणुसकीचेही आहे. संत गाडगेबाबा गावात शिरले की प्रथम खराटा हाती घेत आणि गाव लख्ख झाल्यावर रात्री कीर्तनाला उभे राहत. मन झाडण्यापूर्वी अंगण झाडावे, हा त्यांचा क्रम होता.

सायंकाळी विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावरून पाहिले, तर गोदावरीचे पाणी स्तब्ध व निर्मळ दिसते. थेंबात काय दडले आहे, हे डोळ्यांना कळत नाही. ते कोणत्या ढिगाजवळून वाहत आले, यावर उद्याच्या घागरीतील पाण्याचे गुण अवलंबून असतात. आणि तो ढीग कसा असावा, हे प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर रोज सकाळी ठरत असते.

स्वाध्याय

१. खेड्यातील उकिरडा आणि शहरातील कचऱ्याचा ढीग यांत कोणता भेद आहे?
२. कचऱ्यातील रोगजंतू माणसापर्यंत कोणकोणत्या वाटांनी पोहोचतात, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'कोणतेही नवे औषध सापडले नव्हते. सापडली होती ती केवळ शिस्त.' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. फॅनी हेस यांनी सुचविलेल्या गोष्टीचे महत्त्व काय?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : कंबर कसणे, दाद न देणे, ओस पडणे, विसंबून राहणे.
६. तुमच्या घरातील एका दिवसाचा कचरा ओला, सुका व घातक अशा तीन भागांत वेगळा करा, त्याची नोंद ठेवा आणि त्यापैकी काय काय खत होऊ शकेल, ते वर्गात सांगा.