पऱ्हाटीचे पेलेट: मशीन घेण्याआधी धुराचं गणित शिका



व्हिडिओत आपण पेलेटचं मशीन पाहिलं. आता कोटेशन मागवायची घाई करू नका. आधी वही-पेन घ्या आणि हा धडा वाचा.

जामनेर तालुक्यात कच्च्या मालाची कमी नाही. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते, हेक्टरी साधारण २ ते ३ टन. गुलाबी बोंडअळीमुळे ती वेळेत काढावी लागते आणि बऱ्याचदा बांधावरच पेटवली जाते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून ब्रिकेट आणि पेलेट करण्यावर काम केलं आहे. म्हणजे माल आहे, तंत्रही आहे. मग अडतं कुठे? जाळण्यात!

१. धूर म्हणजे न जळलेलं इंधन

घरचा तांब्याचा बंब आठवा. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ज्योत होते. नाही मिळाली तर धूर, काजळी आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणजे धूर डोळ्यांना त्रास देतोच, पण तो तुमचा वाया गेलेला पैसाही असतो.

पेलेट बारीक आणि घट्ट असतात. बंबाच्या नळीत नुसते ओतले की ढीग बसतो, हवा खेळत नाही आणि धूर होतो. ग्राहक म्हणतो, "तुमचा माल खराब." खरं तर माल ठीक असतो, चूल चुकलेली असते. पेलेटला पंख्याची चूल लागते: खालून थोडी हवा, वरच्या छिद्रांतून उरलेली.

भारतीय मानक आयएस १३१५२ प्रमाणे साध्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के हवी. भांड्यात पोहोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे धुरातले कण साध्या चुलीत ३५० आणि पंख्याच्या चुलीत १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत.

२. आता गणित करू

समजा, एका हॉटेलला रोज १९ किलोचा एक सिलिंडर लागतो आणि त्याचा भाव १,८०० रुपये आहे. (भाव बदलतो, तुम्ही आजचा घाला.) गॅसमध्ये किलोला साधारण ११,००० किलोकॅलरी उष्णता असते. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर भांड्यात पोहोचतात सुमारे १,२५,४०० किलोकॅलरी.

कोरड्या पेलेटची उष्णता किलोला ३,५०० धरू आणि जागेवर पोहोच भाव १२ रुपये.

- ३५ टक्क्यांची चूल: १०२ किलो पेलेट, खर्च १,२२४ रुपये. बचत ५७६ रुपये.
- २५ टक्क्यांची चूल: १४३ किलो पेलेट, खर्च १,७१६ रुपये. बचत फक्त ८४ रुपये.

माल तोच, भाव तोच, तरी धंदा संपला! ८४ रुपयांसाठी कोणता हॉटेलवाला राख उपसत बसेल? राख ५ टक्के धरली, तरी रोजची ५ ते ७ किलो होते. युरोपात घरोघरच्या बॉयलरमध्ये चांगले लाकडी पेलेट वापरतात, त्यांची राख १ टक्क्याच्या आत असते. गवत आणि पिकांच्या काडीत ती जास्त असते, शिवाय वितळून तिचे खडे होतात आणि जाळी बंद पडते. हे ग्राहकाला आधीच सांगा.

३. ओलाव्याकडे लक्ष द्या

एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी जातात. त्यामुळे १० टक्के ओलाव्याच्या मानाने २५ टक्के ओलाव्याची पऱ्हाटी जवळपास पाचवा हिस्सा कमी उष्णता देते. पेलेट पावसात भिजले तर फुगून त्यांचा भुसाच होतो. म्हणून मशीनइतकाच खर्च कोरड्या शेडसाठी धरायची तयारी ठेवा.

४. 'ऊर्जा' चुलीचा धडा

२००६ मध्ये बीपी कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसोबत तयार केलेली 'ऊर्जा' ही पंख्याची पेलेट चूल बाजारात आणली. महाराष्ट्रातही ती खूप विकली गेली. चूल चांगली होती. पण कच्चा माल महागला, पेलेटचा भाव वाढला आणि घरगुती ग्राहक गळाले. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला आणि हॉटेल-कँटीनकडे वळला. उद्या कारखान्यांचे बॉयलर किंवा दीपनगरसारखी औष्णिक केंद्रं पऱ्हाटी मागू लागली, तर तुमचंही तेच होईल. म्हणून शेतकऱ्यांशी भाव आधी ठरवा.

गृहपाठ

मशीन घेण्याआधी १० किलो पेलेट विकत आणा. उघड्या जागेत २० लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापवा आणि किती पेलेट जळले ते वजन करा. साधारण १ किलो १५० ग्रॅम लागले, तर चूल ३५ टक्क्यांची. १ किलो ६०० ग्रॅम लागले, तर २५ टक्क्यांची. बंद न्हाणीघरात हा प्रयोग अजिबात करू नका.

हाच प्रयोग एखाद्या हॉटेलवाल्यासमोर करून दाखवा. त्याने स्वतः वजन करून ऑर्डर दिली, तरच बँकेत कर्जाची फाईल टाका.

भेटू पुढच्या धड्यात!