फुलांची परदेशी बाजारपेठ आणि तलवाड्याचा शेतकरी

हरितगृह उभारून गुलाब परदेशी पाठवावा, हा विचार अलीकडे कापूस व ऊस पिकविणाऱ्या गावांतही बोलला जातो. गेवराई तालुक्यातील तलवाडा परिसरातही कोणी तो करीत असल्यास जमीन गहाण टाकून कर्ज काढण्यापूर्वी हा व्यापार कसा चालतो, हे नीट समजून घ्यावे.

जागतिक बाजार कसा चालतो?

दांड्याच्या फुलांच्या व्यापाराचे मोठे केंद्र हॉलंडमधील आल्समीर येथे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस तेथील फूल उत्पादकांनी सहकारी तत्त्वावर लिलाव सुरू केले. आजची लिलाव संस्थाही उत्पादकांच्याच मालकीची आहे. तेथील लिलाव आपल्याकडच्या उलट चालतो. घड्याळाचा काटा चढ्या भावावरून खाली येतो आणि जो खरेदीदार प्रथम बटण दाबील, त्याला माल मिळतो. क्षणात सौदा होत असल्याने दांड्याची लांबी, कळीची अवस्था व जुडीतील फुलांची संख्या यांबाबत प्रतवारीवर पूर्ण भरवसा ठेवावा लागतो. एका खोक्यात खराब माल निघाला तर उत्पादकाची पत जाते.

या बाजारात गुलाब पाठविणारे केनिया व इथिओपिया हे देश विषुववृत्ताजवळ आहेत. केनियातील नैवाशा सरोवराचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंच आहे. तेथे वर्षभर दिवस जवळजवळ बारा तासांचा व रात्री थंड असतात. त्यामुळे हरितगृह तापविण्याचा वा थंड करण्याचा खर्च कमी येतो. शिवाय त्यांच्या फुलांना युरोपात आयात शुल्क माफ असताना भारतीय फुलांना ते वर्षानुवर्षे भरावे लागले.

महाराष्ट्राचा अनुभव

सन 1991 नंतर पुणे, बंगळूर व हैदराबाद भागात निर्यातीसाठी मोठे फूलशेती प्रकल्प उभे राहिले. परदेशी तंत्रज्ञान, महागडी कलमे व कर्ज यांवर भांडवल गुंतले. विमानभाडे जास्त, भाव अस्थिर आणि शीतसाखळी अपुरी, यामुळे त्यांतील अनेक प्रकल्प पुढील काही वर्षांतच अडचणीत आले.

मावळ तालुक्यात, विशेषतः तळेगाव दाभाडे परिसरात, मात्र गुलाब टिकून राहिला. तेथील हवा सौम्य आहे, पुणे व मुंबई जवळ आहे आणि अनेक उत्पादक एकाच भागात असल्याने वाहतूक व माहिती एकत्र मिळते. 14 फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाईन दिनासाठी तेथे डिसेंबरच्या पूर्वार्धात छाटणी करतात, म्हणजे जानेवारीअखेर फुले काढणीस येतात. अलीकडे विमानभाडे व देशातील भाव यांची तुलना करून तेथील अनेक उत्पादक देशातील बाजारही पसंत करतात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा दोन्ही बाजार बंद पडले. फुले तोडून फेकावी लागली, पण कर्जाचे हप्ते अंगावर राहिले.

आपल्या भागात काय करावे?

बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान 40 अंशांच्या वर जाते, पाण्याची शाश्वती नसते आणि मुंबईचा विमानतळ रात्रभराच्या प्रवासाइतका दूर आहे. म्हणून निर्यातीचा गुलाब ही आपल्या फूलशेतीची पहिली पायरी होऊ नये. निर्यातदारांची शिस्त मात्र जवळच्या बाजारासाठी जरूर उचलावी.

1. तारीख धरून लागवड करा. झेंडूची फुले लावणीनंतर सुमारे 60 ते 65 दिवसांनी सुरू होतात व रोप तयार होण्यास तीन ते चार आठवडे लागतात. तलवाड्याच्या त्वरिता देवीचे नवरात्र व दसरा धरून मागे दिवस मोजा आणि लावणी दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत करा.

2. योग्य अवस्थेत काढणी करा. दांड्यासाठी निशिगंधाची तळाची एक-दोन फुले उमलताच दांडा कापावा. ग्लॅडिओलसमध्ये तळाच्या कळ्यांत रंग दिसू लागताच काढणी करावी.

3. काढणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा. दांडे लगेच स्वच्छ पाण्यात उभे करून सावलीत ठेवा. सुटी फुले ओल्या गोणपाटाखाली दाबून भरू नयेत, ती तापून काळी पडतात.

4. पिकलेली केळी, आंबे यांच्यासोबत फुले ठेवू नका. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात.

5. लहान-मोठी फुले एकत्र करू नका. प्रतवारी करून प्रत्येक जुडीत सारखीच संख्या ठेवा.

हरितगृहाचे कर्ज घेण्यापूर्वी

पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. मे महिन्यात पाणी किती व त्यातील क्षार किती? वीज गेल्यास पर्याय काय? जवळचे शीतगृह कोठे आहे? निर्यातीच्या दर्जात न बसलेली फुले कोण घेणार? आणि भाव निम्म्यावर आला तर हप्ता कोठून भरणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर केवळ अनुदान असेल तर थांबावे. अनुदानाने उभारणीचा भार हलका होतो, पण दरमहाचा मजूर, खत व औषधांचा खर्च भागत नाही.

तालुक्यातील खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रात माती व पाणी परीक्षणाविषयी विचारणा करावी. काढणीपश्चात हाताळणीचे प्रशिक्षण तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत मिळते. प्रथम पाच-दहा गुंठ्यांत उघड्यावरची फुले घ्या, दोन हंगाम जमाखर्च लिहा आणि मगच पुढचे पाऊल टाका.