डेटाबेस बदलायचाय? ‘क्वेरी बदलणे’ या ओळीचे किती द्याल

लातूरच्या क्लासेसमध्ये किंवा नांदेडच्या आडत दुकानात पायथॉनवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल, तर ते अनेकदा एसक्यूलाइट या डेटाबेसवर सुरू झालेलं असतं. दुसरी शाखा उघडली, चार टेबलांवरून एकदम पावत्या फाटू लागल्या, की पोस्टग्रेसवर जायची वेळ येते. मग डेव्हलपरच्या कोटेशनमध्ये एक ओळ दिसते: ‘सर्व क्वेरी बदलणे’. तिचे पैसे ठरवण्याआधी तिच्यात काम काय आहे, ते समजून घ्या.

क्वेरीत विद्यार्थ्याचं नाव, पावती क्रमांक थेट लिहीत नाहीत. तिथे खूण ठेवून माहिती वेगळी पाठवतात. ही खूण ड्रायव्हरगणिक, म्हणजे पायथॉनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीगणिक, बदलते. 1999 च्या पेप 249 या पायथॉनच्या मानकाने पाच पद्धती मान्य केल्या आणि निवड ड्रायव्हरवर सोपवली. एसक्यूलाइटला प्रश्नचिन्ह चालतं, पोस्टग्रेसच्या सायकोपीजी-2 ला टक्क्याला चिकटलेला एस लागतो, ओरॅकलला कोलन आणि नाव.

पोस्टग्रेस, सायकोपीजी-2, खुणा बदलून देणारी एसक्यूएल-पॅराम्स लायब्ररी, सगळं फुकट आहे. त्यांच्या लायसन्सपोटी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पैसे द्यायचे ते तासांचे.

तास कुठे जातात? समजा, एक क्वेरी अशी आहे: अपडेट संदेश सेट मजकूर = 'फी भरली का?' व्हेअर रोल = ?. प्रश्नचिन्हाच्या जागी नवी खूण टाकायला ‘फाइंड-रिप्लेस’ मारलं की मजकुरातलं प्रश्नचिन्हही खूण बनतं. खुणा दोन, माहिती एक, आणि प्रोग्रॅम अडतो. नावं शोधणाऱ्या 'पाटील%' मधला टक्काही, टक्का आता खुणेचा भाग असल्याने, दोनदा लिहावा लागतो. अशी चूक क्वेरी चालेल तेव्हाच उघडी पडते. वर्षअखेरचा अहवाल मार्चपर्यंत कुणी काढलाच नाही, तर ती मार्चपर्यंत दडून बसते. त्याहून वाईट म्हणजे नावांच्या खुणांच्या जागी क्रमाने चालणाऱ्या खुणा बसवताना ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखांची अदलाबदल झाली, तर चूक दिसतच नाही आणि अहवाल रिकामा येतो. म्हणून जिथे नावं आहेत तिथे नावंच राहू द्या, असं सांगा.

हिशेब असा मांडा. समजा 150 क्वेरी आहेत. 100 साध्या, प्रत्येकी 3 मिनिटं: 5 तास. 50 अवघड, प्रत्येकी 15 मिनिटं: साडेबारा तास. चाचणी आणि बॅकअप 8 तास. एकूण साडेपंचवीस तास. तासाला 500 रुपये धरले तर 12,750. त्यावर 18 टक्के जीएसटी 2,295, म्हणजे 15,045 रुपये. दर तुमच्या माणसाचा घाला. त्याच्याकडे जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर त्याला लावता येत नाही. तारखांची फंक्शनं किंवा ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’सारखी एसक्यूलाइटची खास वाक्यं बदलणं हे वेगळं काम आहे, ते कोटेशनमध्ये वेगळंच दाखवायला लावा.

कुणी निम्म्या पैशात ‘खुणाच काढून टाकतो, माहिती सरळ क्वेरीत जोडतो’ म्हणाला, तर त्याला साफ नाही म्हणा. फॉर्मच्या रकान्यात कुणी मुद्दाम एसक्यूएल टाईप केलं, तर तुमची सगळी फी-नोंद पुसली जाऊ शकते.

क्लासेसनी जूनच्या प्रवेशांत आणि आडतवाल्यांनी सोयाबीनच्या आवकेत हे काम काढू नये. पैशांचा शेवटचा तिसरा हिस्सा प्रत्येक अहवाल जुन्या-नव्या दोन्हीकडे काढून आकडे जुळल्यावरच द्या.