लितानी रचणारा शिपाई

शौल राजाला दुष्ट आत्मा छळू लागला, तेव्हा त्याच्या एका सेवकाने बेथलेहेमच्या इशायाच्या मुलाचे नाव सुचवले. हा मुलगा वाद्य वाजवण्यात कुशल आहे, शूर आहे, लढवय्या आहे, असे त्याने एका दमात सांगितले (१ शमुवेल १६:१८). वीणा आणि तलवार एकाच माणसाच्या हाती असावी, याचे पवित्र शास्त्राला नवल वाटत नाही. आपल्याला मात्र वाटते. नरडाण्याच्या बाजूचा, मिस्सात पेटी वाजवणारा एखादा मुलगा भरतीला निघाला, तर आपण सहज म्हणून जाऊ, "हा आणि बंदूक?"

अशाच एका वादकाची ओळख आज करून घेऊ. झेआँ आलँ हा फ्रेंच माणूस ३ फेब्रुवारी १९११ रोजी पॅरिसजवळ जन्मला. त्याचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. ऑर्गन आपल्या पेटीसारखाच हवेवर वाजतो, पण त्याला भिंतभर नळ्या असतात. (आपली पेटीही मूळची फ्रान्सकडचीच!) वडिलांनी असा एक ऑर्गन हौसेने स्वतःच्या घरात बांधला आणि त्यावरच ही मुले शिकली. झेआँ पुढे मेझों-लाफित गावच्या संत निकोलस चर्चमध्ये वादक झाला. पॅरिसमधल्या एका यहुदी सभास्थानातही तो वाजवत असे.

१९३७ साली त्याने 'लितानी' ही रचना केली. त्याच वर्षी त्याची बहीण ओदील हिचा डोंगरात अपघाती मृत्यू झाला. या रचनेत एकच छोटी चाल पुन्हा पुन्हा येते आणि दर खेपेला अधिक निकराने येते. मनाला नवे शब्द सुचेनासे होतात, तेव्हा माणूस तीच विनवणी करत राहतो, अशा अर्थाचे त्याने तिच्या आरंभी लिहून ठेवले आहे. जपमाळेनंतर "आम्हांसाठी विनंती कर" असे म्हणत राहणाऱ्या आपल्या आजीबाईंना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग युद्ध आले. तीन लेकरांचा हा बाप सैन्यात मोटारसायकलवरून निरोप पोचवू लागला. १७ जून १९४० रोजी फ्रान्सच्या नव्या पंतप्रधानांनी लढाई थांबवावी लागेल असे रेडिओवरून सांगितले. तरी लुआर नदीकाठी सोमूर येथे घोडदळ शाळेतले विद्यार्थी मागे हटेनात. २० जूनला आलँ त्याच भागात टेहळणीला गेला असता शत्रूची तुकडी समोर आली. तो एकटाच लढला. सोळा जणांना मारून तो पडला, असे सांगतात. वय अवघे २९. दोनच दिवसांनी तहावर सह्या झाल्या. फ्रान्सने त्याला मरणोत्तर 'क्रुआ द गेर' हे शौर्यपदक दिले.

ही गोष्ट सांगताना लोक त्या 'सोळा' आकड्यावर थांबतात. आम्हांला तिथे थोडे अडखळायला होते. त्या सोळांच्या घरीही कुणी लितानी म्हणत असेल. देशाच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे शस्त्र धरणारा सैनिक शांतीची सेवा करतो, असे ख्रिस्तसभा शिकवते, आणि ते आम्ही मनापासून मानतो. पण ज्या दावीदाच्या शौर्याची शास्त्र इतकी वाखाणणी करते, त्यालाच देव म्हणतो की तू फार रक्त सांडले आहेस, माझे मंदिर तू बांधणार नाहीस (१ इतिहास २२:८). ते काम शलमोनाकडे गेले. देवाने दावीदाला टाकले नाही. सांडलेल्या रक्ताचा विसरही पडू दिला नाही. आलँच्या पदकाकडे या दोन्ही गोष्टी एकत्र धरून पाहावे, असे आम्हांला वाटते.

त्याची धाकटी बहीण मारी-क्लेर तेव्हा १३ वर्षांची होती. पुढे ती जगप्रसिद्ध ऑर्गनवादक झाली आणि २०१३ साली वारली. भावाच्या रचना तिने आयुष्यभर वाजवल्या. वडिलांनी बांधलेला तो घरचा ऑर्गन आता स्वित्झर्लंडमधल्या रोमँमोतिए गावी आहे.

या आठवड्यात घरी १ शमुवेलचा १६वा अध्याय आणि १ इतिहासचा २२वा अध्याय एकाच बैठकीत वाचावा. सैन्यात असलेल्या आपल्या मुलांची नावे रविवारच्या विनंत्यांसाठी आधी कळवावीत.