छाया, प्रकाश आणि सत्य

हा पाठ अभ्यासल्यावर आपण
• छायाचित्रातील प्रकाश, कॉन्ट्रास्ट आणि रंग यांचे स्वरूप सांगू शकाल;
• दोष दूर करणे आणि सत्य बदलणे यांतील भेद ओळखू शकाल.

मूळ पाठ

जबलपूर शहरातील नेपियर टाउन भागात, भंवरताल उद्यानाजवळ राणी दुर्गावती संग्रहालय आहे. तेथे कलचुरी राजांच्या काळातील पाषाणशिल्पे जतन केलेली आहेत. एखाद्या अभ्यासकाने परवानगी घेऊन अशा शिल्पाचे छायाचित्र काढले, तर कधी कधी त्याची निराशा होते. डोळ्यांना स्पष्ट दिसलेले अलंकार छायाचित्रात काळोखात बुडालेले असतात आणि दिव्याच्या उजेडामुळे दगड मूळ रंगाहून पिवळा भासतो. मनुष्याची दृष्टी उजेड-अंधाराशी सहज जुळवून घेते. कॅमेऱ्याला ते तितके साधत नाही.

ही उणीव पूर्वी अंधाऱ्या खोलीत भरून काढली जाई. कागदावर प्रकाश पडत असताना छायाचित्रकार हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये धरून एखाद्या भागावरील प्रकाश कमी करीत. आज हे काम संगणकावर होते. टॉमस आणि जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेले फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. १९९६ साली गिंप हे विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध झाले.

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे असंख्य सूक्ष्म ठिपके. सर्वसाधारण छायाचित्रात प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे प्रमाण ० ते २५५ या अंकांत नोंदवलेले असते. तिन्ही अंक ० असल्यास काळा आणि तिन्ही २५५ असल्यास पांढरा रंग दिसतो. हे अंक वाढवले की चित्र उजळते. उजळ आणि गडद भागांतील अंतर म्हणजे कॉन्ट्रास्ट. ते फार कमी असेल, तर चित्र धुक्यात असल्यासारखे फिके दिसते. फार वाढवले, तर छाया काळ्याकुट्ट होतात आणि उजळ भाग कोरे पडतात. कोऱ्या पडलेल्या भागात कोरीव काम नोंदलेच गेले नसेल, तर कोणतेही साधन ते परत आणू शकत नाही. म्हणून संपूर्ण चित्र एकदम उजळण्यापेक्षा मधल्या छटा तेवढ्या हलक्या हाताने उजळाव्यात.

रंग सुधारण्यासाठी चित्रातील जी वस्तू प्रत्यक्षात पांढरी किंवा करडी आहे, तिचा आधार घेतात. ती वस्तू तशी दिसेपर्यंत रंगांचे प्रमाण जुळवले, की त्याच प्रकाशातील इतर रंगही मूळ रूपाच्या जवळ येतात. हे सर्व मूळ चित्राच्या प्रतीवर करावे. मूळ चित्र जसेच्या तसे राखावे.

परंतु हे सामर्थ्य दुधारी आहे. १९९४ साली जून महिन्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडू ओ. जे. सिम्पसन यांना खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी काढलेले त्यांचे छायाचित्र 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर अधिक काळवंडलेल्या स्वरूपात छापले. 'न्यूजवीक'ने तेच छायाचित्र तसे न काळवंडता छापल्यामुळे फरक लोकांच्या तत्काळ ध्यानी आला. खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपीचा चेहरा भीषण केला गेला, अशी कठोर टीका झाली. १९९५ साली फौजदारी न्यायालयाने सिम्पसन यांना निर्दोष ठरवले.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट दिशेने घडते. स्थळांसाठी पाठवायच्या छायाचित्रात मुलीचा सावळा वर्ण गोरा करून दिला जातो. तिचे नाक-डोळे तेच राहतात. पण 'तू आहेस तशी पुरेशी नाहीस' हा निर्णय तिला न विचारता त्या चित्रात लिहिला जातो. अंधारातला चेहरा उजेडात आणणे ही सुधारणा होय. सावळा चेहरा गोरा करणे हा बदल होय. पासपोर्टच्या छायाचित्रात त्वचेचा नैसर्गिक रंगच अपेक्षित असतो, तो ओळख खरी राहावी म्हणून.

शिल्प असो वा माणूस, जे होते ते दिसावे एवढ्यासाठीच प्रकाशाला हात लावावा.

स्वाध्याय
१. कॉन्ट्रास्ट अति वाढवल्यास कोणते दोष निर्माण होतात?
२. 'हे सामर्थ्य दुधारी आहे', या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या घरातील एखादे जुने छायाचित्र पाहा. त्यात काय सुधारावे आणि कशाला हात लावू नये, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.