यंत्राला दिलेले मुखत्यारपत्र

मुखत्यारपत्र म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बाहेरगावी राहणारा माणूस जमिनीची, कचेरीची कामे पाहण्यासाठी भावाला किंवा चुलत्याला ते लिहून देतो. खास मुखत्यारपत्रात एकच काम नेमून दिलेले असते. आम मुखत्यारपत्रात सगळीच मुभा. शेअरबाजारात यंत्राकडून खरेदी-विक्री करवून घेण्याचे प्रकार आता वाडीवस्तीवरच्या मोबाईलपर्यंत आले आहेत. त्यांचा विचार याच शब्दाच्या आधाराने करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम दोन यंत्रांतील फरक पाहू. बॉट हा साधा गडी होय. ‘भाव अमुक झाला की घे, तमुक झाला की विक’ एवढेच त्याला कळते. एआय एजंटचे तसे नाही. त्याला आपण साध्या भाषेत उद्देश सांगतो. नियम तो स्वतः रचतो आणि बॉटही स्वतःच कामाला लावतो. म्हणजे तो मुकादम झाला. ऊसतोडीचा मुकादम कारखान्याकडून उचल घेतो आणि कोयते जमवतो; पण त्याचे घर आपल्याला माहीत असते, तेथे जाऊन भांडता येते. यंत्राच्या दारात जाऊन भांडता येत नाही. १८७२ च्या करार कायद्यातील १९० वे कलम असे सांगते की, जे काम मुखत्याराने स्वतः करावयाचे पत्करले, ते त्याने सहसा दुसऱ्यावर सोपवू नये. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायदेपंडितांना बॉट ठाऊक नव्हता, तरी अडचण नेमकी हीच होती!

सुटलेले यंत्र काय करू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. नाइट कॅपिटल या पेढीने आठ संगणकांवर नवी आज्ञावली बसविली; पैकी एकावर ती बसवायची राहून गेली. १ ऑगस्ट २०१२ रोजी तेथे जुनी आज्ञावली जागी झाली आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्यापूर्वी पेढीच्याच यंत्रणेने ९७ सूचनापत्रे पाठविली होती. ती कोणी मनावर घेतली नाहीत. घाबरलेल्या माणसांनी मग उरलेल्या सात संगणकांवरची योग्य आज्ञावलीच काढून टाकली, आणि बिघाड वाढला. मोटेचा बैल उधळला असताना नवा दोर वळत बसण्यासारखेच हे. थांबविण्याची कळ आधीच तयार आणि साधी असावी लागते.

आपल्याकडे मुंबईच्या ‘सेबी’ने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी सामान्य गुंतवणूकदारांच्या यांत्रिक व्यवहारांसाठी परिपत्रक काढले. यंत्राने दिलेल्या प्रत्येक ऑर्डरला ओळख क्रमांक, आणि बिघडलेल्या यंत्राच्या ऑर्डरी तोडण्याची कळ शेअरबाजाराच्या हाती, अशी त्याची मांडणी आहे. मध्ये एजंट बसला की या कुंपणाच्या आत आणखी एक कुंपण हवे. त्याला खास मुखत्यारपत्रच द्यावे: रक्कम इतकी, बॉट इतके, मुदत इतक्या दिवसांची. खात्यातून पैसे काढण्याची किल्ली मुळीच देऊ नये. नवा बॉट काही दिवस नुसत्या कागदावर, खऱ्या भावांवर पण खोट्या पैशांवर चालवावा. मग माणसाने सही करावी. आणि ही मर्यादा दलालाकडे नोंदलेली असावी. एजंटच्या स्वतःच्या वहीत ती असून उपयोग नाही, कारण ती वही तोच लिहितो. शिवाय एजंट बातम्या वाचतो. त्यात कोणी मुद्दाम घुसडलेले वाक्य त्याला मालकाचा हुकूमही वाटू शकते.

हे सारे मी पुस्तकी हौसेने लिहीत नाही. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाने एका ‘आपोआप नफा’ देणाऱ्या ॲपचा इंग्रजी अर्ज माझ्यापुढे धरला. “तू शिकतीस ना, वाच बरं काय लिवलंय.” घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. खरे सांगायचे तर मला त्यातले निम्मे कळले नव्हते. पण तसे म्हणण्याची लाज वाटली, आणि ‘मान्य’ हे बटण मीच दाबले. चाळीस हजारांचे नऊ दिवसांत अकरा हजार राहिले. ते पैसे उचलीचे होते. दादा-वहिनीने हंगामभर ऊस तोडून ती उचल फेडली. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वायदे आणि ऑप्शन व्यवहारांत २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यापाऱ्यांनी पैसा गमावला. दादा त्या ९३ जणांच्याच वाटेने गेला; पण बटण माझ्या बोटाखाली होते.

यंदा त्याने पुन्हा एक अर्ज आणला. या वेळी एआय एजंटचा. बारा पाने होती. शब्दकोश घेऊन मी दोन दिवस वाचत बसले. नुकसानीची मर्यादा लिहिण्याची जागा सातव्या पानावर सापडली. ती कोरी सोडली तरी अर्ज पुढे जात होता.