कवळी, हिरड्या आणि साखर

मधुमेहाचे रुग्ण पाय दाखवतात, डोळ्यांचे रिपोर्ट दाखवतात. तोंडाबद्दल स्वतःहून क्वचितच कोणी बोलतं. ‘ब्रश करताना थोडं रक्त येतं, पण ते वयामुळे,’ असं मी रोज ऐकतो. नुसत्या वयाने हिरड्यांतून रक्त येत नाही.

कॅन्डिडा ही बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या तोंडातही गुपचूप राहते. साखर सतत चढलेली असली की लाळेत ग्लुकोज वाढतं, तोंड कोरडं पडतं, पांढऱ्या पेशी मंदावतात आणि बुरशीचं फावतं. जिभेवर किंवा गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे डाग, जळजळ, ओठांचे कोपरे चिरणं ही तिची लक्षणं. कवळीखाली मात्र टाळू नुसता लाल होतो. बहुतेकदा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळतही नाही. कवळी रात्री काढा, घासा, पाण्यात ठेवा. (बोळकं तोंड दिसेल म्हणून कवळीसकट झोपणाऱ्या आजी प्रत्येक घरात असतात!)

पांढरा डाग ओल्या कापडाने पुसला जाऊन खाली लाली दिसली, तर बहुधा बुरशी. पुसला जात नसेल, त्यातही तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. तो कॅन्सरच्या आधीचा डाग असू शकतो.

बुरशीवरची फ्लुकोनाझोल गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी चालू असेल तर फ्लुकोनाझोलमुळे साखर धोकादायक उतरू शकते.

हिरड्यांचा आजार वेगळा. तो मुख्यतः दातांवरच्या किटणातल्या जीवाणूंचा. मधुमेहात त्याचा धोका दुप्पट-तिप्पट, आणि हिरड्यांच्या सुजेमुळे इन्शुलिनचा प्रभावही कमी होतो. हिरडीखालची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांनी उतरतं. आकडा लहान वाटेल, पण तो मधुमेहाची एकही गोळी न वाढवता मिळतो. ‘सफाईने दात हलतात’ ही भीती सोडा. आधीच हलणारा दात किटणाने धरलेला असतो, एवढंच.

दंतवैद्याकडे शक्यतो सकाळी, नाश्ता करून, नेहमीची औषधं घेऊनच जा. सोबत गोळ्यांची यादी आणि एचबीएवनसीचा ताजा रिपोर्ट न्या. तिथे भूल देऊन काही करणार असतील, तर उपाशी राहायचं का आणि त्या दिवशी इन्शुलिन किती घ्यायचं, हे आधीच विचारून घ्या.